काळ्या बुडाची रोवळी

मित्रांनो, माझं बूड बघून नाक मुरडू नका. मी एक जुनी रोवळी आहे, तांदूळ धुवायची. आता माझ्यात कोंबडी अंडी घालते आणि माझा रंग बघून कुणालाही वाटेल, ही जन्मापासून कोळशाच्या वखारीतच पडून असणार. तसं नाही. मी चांगल्या घरची आहे. मला काळं फासलं ते माझ्याच माणसांनी. ते का आणि कसं, हे आज सांगून टाकते. मनात किती दिवस ठेवायचं? माझ्या कांबीसुद्धा आता सैल झाल्या.

माझा जन्म पालीचा. रत्नागिरीहून कोल्हापूरकडे जाणारी गाडीवाट तिथल्या बाजारातून जाते, आणि त्या वाटेच्या कडेला जनी बुरडीण बसायची. सन १९२८ च्या सुमाराला तिने मला विणलं. बांबूच्या कांबी तासून तासून तिने इतक्या गुळगुळीत केल्या की हात फिरवला तर कुसळ लागू नये. रोवळीचं बूड चौकोनी आणि तोंड गोल असतं, हे तुम्हाला ठाऊक असेल. पण खरी कला आहे ती विणीत. वीण फार घट्ट झाली तर पाणी तुंबतं आणि सैल झाली तर कण्या निसटतात. माझी वीण अशी जमली की जनीने मला उजेडात धरून बघितलं आणि हसून बाजूला ठेवलं. त्या दिवशी तिने बाकीच्या सगळ्या विकल्या, मला मात्र चार दिवस विकली नाही. कौतुक म्हणतात ते हेच, आणि आयुष्यात मला ते तेवढंच मिळालं.

पाचव्या दिवशी एका बापाने मला मुलीच्या लग्नासाठी घेतलं. आमच्याकडे लेकीबरोबर सूप आणि रोवळी द्यायची रीत आहे. मुलीचं नाव मालन. तिच्याबरोबर मी मिऱ्याच्या किनाऱ्यावर, माडांच्या सावलीतल्या एका चिऱ्याच्या घरात आले. घरात तिची सासू सावित्री होती. नवरा हरिश्चंद्र मुंबईला ओतकामाच्या कारखान्यात होता. तो वर्षातून एकदा, शिमग्याला, बोटीने यायचा. बाकीचे अकरा महिने घरात दोन बायका आणि मी.

तांदूळ रोळायचे कसे, ते सांगते, कारण माझी सगळी कथा त्यावरच आहे. तांदूळ पातेल्यात घेऊन त्यावर पाणी ओतायचं आणि पातेलं दोन्ही हातांनी गोल गोल हेलकावायचं. तांदूळ हलका, तो पाण्याबरोबर उठतो. खडा जड, तो तळाशी बसतो. मग पातेलं कलतं करून उठलेले तांदूळ पाण्यासकट माझ्यात ओतायचे. पाणी मी खाली सोडते आणि तांदूळ धरून ठेवते. असं पाच-सहा वेळा केलं की पातेल्यात मागे फक्त खडे उरतात. हात कुठे थांबवायचा, हे मात्र सांगून कळत नाही. एक हेलकावा जास्त झाला की खडाही उठतो. मालनचा हात कधी चुकायचा नाही. काम झालं की ती मला उलटी करून झटकायची आणि चुलीच्या वरच्या खुंटीला टांगायची. धुराची ऊब मिळायची, भाताचा वास यायचा. माझं भाग्य उजळलं होतं.

बत्तीस साली हरिश्चंद्र शिमग्याच्या आधीच घरी आला, तो ताप घेऊन. बरोबर त्याने दोन पोती दगडी कोळसा आणला होता. सावित्रीने कपाळावर हात मारला. मुंबईहून लोक सुनेला लुगडं आणतात, हा कोळसा आणतो. त्यावर तो म्हणाला की हा साधा कोळसा नाही, पूर्वेकडच्या खाणींतला, आपल्या देशातला आहे, आणि ह्याच्यावर आपलं नशीब आहे.

नशीब ते असं. पोलाद करायला फार मोठी आच लागते. त्यासाठी दगडी कोळसा आधी कोंडून भाजतात. त्यातला धूर निघून गेला की मागे हलका, भोकाभोकांचा कोक उरतो, तो भट्टीत घालतात. पण आपल्या कोळशात दगडमाती फार. तिची राख होते, ती राख वितळून भट्टीत खंगर, म्हणजे दगडासारखा थर, धरते आणि आच कोंडते. म्हणून मोठ्या कारखान्यांचे साहेब म्हणत, देशी कोळसा कामाचा नाही, विलायती आणा. हरिश्चंद्रला ते फार लागायचं. पूर्वेकडे एक नवा पोलादाचा कारखाना उभा राहत होता, आणि देशी कोळशातली राख जो कमी करून दाखवील त्याला तिथे मोठी जागा मिळणार, असं त्याच्या कानावर आलं होतं. ताप हे नुसतं निमित्त होतं. खरा ताप त्याच्या डोक्यात होता.

विहिरीजवळच्या खोपीत त्याने हातभर उंचीची भट्टी बांधली, भाता बसवला. सोनाराचा जुना काटा आणला. शंभर गुंजा कोळसा जाळून तो राख तोलायचा. पंचवीस गुंजा भरायची. त्याने कोळसा हाताने निवडला, बावीस. विहिरीच्या पाण्याने धुतला, तरी बावीस. मुशीत, म्हणजे मातीच्या जाड भांड्यात, त्याने होडीचे गंजके खिळे घालून वितळवून बघितले. खिळे नुसते एकमेकांना चिकटले. भट्टीत खंगराचा गोळा झाला, तो पहारीने फोडावा लागला.

त्याच सुमाराला सावित्री मुलाचा ताप उतरावा म्हणून बोललेला नवस फेडायला हेदवीला दशभुज गणपतीला गेली. घरात दोघंच. एका दुपारी हरिश्चंद्र चिडलेलाच जेवायला बसला आणि त्याच्या दाताखाली खडा आला. वर्षानुवर्षांत पहिलाच. त्याने ताट सरकवलं आणि विचारलं,

"तांदूळ कुणी रोळले?"

घरात दुसरं होतं कोण? भट्टीच्या धुराने मालनचेही डोळे सुजले होते, म्हणून हात चुकला होता. पण तो खडा तिने ताटातून उचलला, बोटांत धरला आणि कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत राहिली. मग उठली. मला खुंटीवरून काढलं.

मला वाटलं, परत तांदूळ रोळणार. तिने मला खोपीत नेलं. कोळसा वरवंट्याने वाटाण्याएवढा फोडला. चाळणीने चाळला, कारण मोठा कोळसा आणि बारका दगड एकत्र आले तर दोघं एकाच वेळी उठतात, हे तिला तांदूळ-कण्यांवरून माहीत होतं. सगळा दाणा सारखा झाला तेव्हा तिने तो घमेल्यात घेतला, पाणी घातलं, आणि मग मला दोन्ही हातांत धरून हळूच म्हणाली,

"एकदाच गो बाय. मग तुला राखेने घासून परत चुलीवर टांगीन."

मित्रांनो, हा शब्द मी विसरले नाही.

घमेलं हेलकावलं. कोळसा हलका, तो उठला. दगड जड, तो बसला. काळं पाणी माझ्या अंगातून वाहिलं आणि कोळसा माझ्यात साठला. मला किळस आली, खोटं कशाला सांगू. पण घमेल्याच्या तळाशी करड्या दगडांचा थर उरलेला बघून मालनचा चेहरा असा फुलला की मी गप्प बसले. हरिश्चंद्रने तो कोळसा वाळवून जाळला, राख तोलली. चौदा गुंजा. त्याने काटा तीनदा लावला. तीनदा चौदाच. मग तो बायकोकडे असं बघायला लागला जसं तिला पहिल्यांदाच बघतोय.

त्या दिवशी त्याने तिला वचन दिलं. मी तिथेच होते, ओली, ठिबकत. तो म्हणाला,

"नोकरी लागली की तुला बरोबर नेईन. साहेबासमोर उभी करीन. म्हणेन, रोळणारी ही. माझं कायपण नाय."

"मी साहेबासमोर? काय बोलू मी?" मालन म्हणाली. पण पेटीतलं हिरवं लुगडं तिने त्याच संध्याकाळी ऊन दाखवून परत घडी करून वर ठेवलं, प्रवासाला नेसायचं म्हणून.

एकदाच म्हणाली होती, पण कोळसा एकदा रोळून कसा भागणार? रोज दोन-तीन पाट्या रोळायला लागायच्या, मुंबईहून बोटीने आणखी पोती येत राहिली. पंधरा दिवसांत सावित्री हेदवीहून आली. प्रसादाचा भात करायचा म्हणून रोवळी शोधायला लागली, तर मी खोपीत, काळीठिक्कर. तिने मालनला जे बोलून घेतलं ते इथे सांगण्यासारखं नाही. शेवटी एवढंच म्हणाली,

"अगो, अन्नाच्या भांड्यात कोळसा? ही आता घरात येता नये."

तिने माझ्याकडे पाठ फिरवली, ती दोन वर्षं माझ्या अंगाला बोट लावलं नाही. चुलीवरच्या माझ्या खुंटीला नवी रोवळी आली. मालन तिच्यात तांदूळ रोळायला लागली. मी मनाशी म्हटलं, आत्ता तिचं चालत नाही. काम संपलं की ती मला घासेल, आत नेईल. शब्द दिलाय तिने. आशा वेडी असते, मित्रांनो, आणि रोवळीची तर फारच.

काम मात्र मी मन लावून केलं. सहा महिन्यांत मी मणामणाने कोळसा धरला. माझी एक कांब मोडली, मालनने काथ्याने बांधली. धुतलेला कोळसा मडक्यात कोंडून, लिंपून भाजला की घट्ट, चकाकणारा कोक निघायचा. भट्टीत आता खंगर धरत नव्हतं. आणि एक दिवस मुशीत होडीचे खिळे पाण्यासारखे वितळले. हरिश्चंद्रने त्यांची बोटभर जाडीची कांब ओतली, ठोकून तिची कोयती केली. त्या कोयतीने सावित्रीने शहाळं एका घावात उडवलं आणि म्हणाली, धार बरी आहे. तिच्या तोंडून बरी म्हणजे दुसऱ्याची शाबासकी समजा.

हरिश्चंद्रने कारखान्याला पत्र घातलं. चैत्रात, पावसाने बोटी बंद व्हायच्या आधीच, कारखान्याचे दोघं मिऱ्याला आले. एक गोरा साहेब होता. दुसरे कोळसा तपासणारे आपलेच एक गृहस्थ, चष्मेवाले, मराठी बोलणारे.

ते येणार त्याच्या आठवडाभर आधी विठू सुताराने खोपीत एक लाकडी पेटी आणून ठेवली. तिला वरती तोंड, बाजूला लोखंडी दांडा, खाली खण. मी तिच्याकडे बघत राहिले. मालनने विचारलं, तेव्हा हरिश्चंद्र तिच्याकडे न बघता म्हणाला की साहेबाला यंत्र लागतं. बायकांची रोवळी दाखवली तर तो हसेल आणि परत जाईल. एकदा जागा मिळू दे, मग सगळं सांगतो. मालनने मान डोलावली. त्या मानेवर मी आजही रागावलेली आहे.

पाहुणे आले त्या सकाळी त्याने मला उचललं आणि भात्याच्या मागे कोंबलं. मालनने आदल्या दिवशी रोळलेला कोळसा त्याने पेटीच्या खालच्या खणात भरून ठेवला. मग साहेबासमोर वरून न धुतलेला कोळसा टाकला, पाणी ओतलं, दांडा खडखड हलवला, आणि खण उघडून स्वच्छ कोळसा काढून दाखवला. तिथेच जाळला. चौदा. साहेबाने त्याच्या पाठीवर थाप मारली. मी भात्यामागून सगळं ऐकत होते. माझ्या कांबींत अजून कालचं पाणी मुरलेलं होतं.

मालन कोकमाचं सरबत घेऊन आली. चष्मेवाल्यांची नजर तिच्या हातांवर गेली. नखांच्या कडा, बोटांच्या रेघा, सगळ्यांत कोळसा मुरलेला. त्यांनी पेला घेतला नाही. तिला सरळ विचारलं,

"बाई, हे कोळसा धुण्याचं कुणाच्या डोक्यातून निघालं?"

हरिश्चंद्र गप्प झाला. सावित्री दारात उभी होती, तीही गप्प. मला वाटलं, आता. आता बोलेल ही. भात्यामागे हात घालेल, मला बाहेर काढेल आणि म्हणेल, हिच्यातून. खरं सांगते, नवऱ्याने मला लपवलं त्याचं मला तेवढं दुःख झालं नव्हतं. तो कधी माझ्यातून तांदूळ रोळायला बसलाच नव्हता. पण मालन माझी होती. बापाच्या घरून आम्ही एकाच गाडीतून आलो होतो.

मालनने पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि म्हणाली,

"ह्यांच्याच."

एवढंच. चष्मेवाल्यांनी क्षणभर तिच्याकडे बघितलं आणि वहीत काहीतरी लिहिलं.

हरिश्चंद्रला जागा मिळाली. पावसाआधीच्या शेवटच्या बोटीने तो निघाला. पेटी बरोबर नेली, नीट गोणपाटात गुंडाळून. मालनला म्हणाला, तिकडे घर मिळालं की दिवाळीला न्यायला येतो. मी खोपीतच राहिले. बोटीचा भोंगा ऐकू आला, तेव्हा मालन विहिरीवर होती. तिने वर बघितलं नाही, पाणी काढत राहिली.

दिवाळी आली आणि गेली. मनिऑर्डर आली, माणूस आलं नाही. शिमगा झाला. खोपीचं छप्पर एका बाजूने बसलं आणि एका कोंबडीने मला आपलं केलं. मी वाट बघायची सोडली होती, तरी मालन विहिरीवर आली की माझं लक्ष जायचं. तिने हात राखेने, चिंचेने घासघासून पांढरे केले होते. हात स्वच्छ झाले. मला घासायची आठवण तिला झाली नाही. की झाली आणि लाज वाटली, देव जाणे.

मग एका दुपारी टपालवाला काशीराम आला. सावित्रीला वाचता येत नव्हतं, मालनलाही नाही. पत्र आलं की तोच खोपीच्या सावलीला बसून वाचून दाखवायचा, म्हणून ते मी शब्द न् शब्द ऐकलं. हरिश्चंद्रने लिहिलं होतं की पेटी चालत नाही. कोळसा आणि दगड एकत्रच बाहेर येतात. साहेब नाराज आहेत, एक महिन्याची मुदत दिली आहे. तरी तू कसं करायचीस ते सविस्तर कळवावं. दाणा केवढा, पाणी किती, हात कुठे थांबवायचा, सगळं. आईस नमस्कार.

काशीरामने पत्र उलटून बघितलं. मागे काही नव्हतं. न्यायला येतो, हा शब्द कुठेच नव्हता. सहा महिने माणूस शेजारी बसला होता, पण एकदाही त्याने घमेल्यात नीट बघितलं नव्हतं. बायकांचं रोळणं, त्यात काय बघायचं?

मालन म्हणाली, कार्ड आहे का, लिहा. काशीरामने शाईची पेन्सिल जिभेला लावली. ती सांगायला लागली. कोळसा वाटाण्याएवढा फोडावा. मग चाळावा. हेही देऊन टाकतेय ही, मला वाटलं, दुसऱ्यांदा. पण ती थांबली.

"खोडा ते, काशीरामदादा."

काशीराम कुरकुरला, कार्ड लहान असतं बाय, आधी ठरव. पण त्याने खोडलं. मालन आता नीट, एकेक शब्द तोलून बोलली.

"लिहा. तिथे तुमच्या जेवणाचे तांदूळ जी बाई रोळते, तिला विचारा. आणि विचाराल तेव्हा आधी तिचं नाव विचारून घ्या. साहेबाला तेच नाव सांगा."

काशीरामची पेन्सिल हवेतच राहिली. त्याने सावित्रीकडे बघितलं. शेवटी मुलगा तिचा, पोट त्याच्यावर. सावित्री दाराच्या चौकटीला धरून उभी होती. मालन खाली बघत होती, आता काय ऐकावं लागेल म्हणून.

"लिही," सावित्री म्हणाली. "खाली माझापण आंगठा घे. म्हणावं, कोळसा कोण रोळीत होतं ते आयशीला म्हायत होतं. गप राहिली, ती चूक झाली."

पेन्सिलीने कसला आंगठा उमटणार? काशीरामजवळ शाई नव्हती. तेव्हा सावित्री सावकाश खोपीत आली. कोंबडीला हुसकून लावलं. दोन वर्षं जिने मला बोट लावलं नव्हतं, तिने मला उचललं, उलटी केली आणि आपला आंगठा माझ्या बुडावर घासला. माझ्या विणीत मुरलेली काजळी तिच्या आंगठ्याला लागली. तिने तो कार्डावर दाबला. मग मला मालनसमोर धरलं. मालनने माझ्याकडे बघितलं, चैत्रातल्या त्या सकाळनंतर पहिल्यांदा, आणि आपलाही आंगठा माझ्या बुडावर घासला. कार्डावर दोन काळे ठसे शेजारी शेजारी उमटले. काशीरामने कार्ड झोळीत टाकलं आणि निघून गेला.

त्या कार्डाला उत्तर आलं नाही. पूर्वेकडे पुढे कोळसा धुतला गेला असेल, त्याचं पोलादही झालं असेल. कुणाच्या हाताने, ते मला इथे खोपीत कोण येऊन सांगणार? हिरवं लुगडं मालनने पुढच्या गौरींना घरातच नेसून टाकलं.

आणि मी? तुम्हाला वाटेल, त्या दुपारनंतर तिने मला राखेने घासलं असेल, परत चुलीवर टांगलं असेल. मलाही वाटलं होतं. पण काळ्या रोवळीत कुणी तांदूळ धुत नाही, मित्रांनो, ती कितीही खरी असली तरी. कोंबडी परत आली. माझ्या बुडावर मात्र दोन जागी काजळी पुसलेली आहे, आंगठ्याएवढी, आणि तिथे अजून जनीने तासलेला बांबू दिसतो.

माझं मागणं फार नाही. भातात खडा लागला की सगळे ओरडून विचारतात, तांदूळ कुणी रोळले? खडा लागला नाही तर कुणीच विचारत नाही. तुम्ही विचारा.